वनस्पतींचे अर्क: रासायनिक घटक, जिवाणूरोधी आणि अँटिऑक्सिडंट चाचण्या (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

बी.एस्सी., एम.एस्सी. आणि बी.फार्म.च्या प्रकल्पांचा हंगाम सुरू झाला की हेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. उत्तरांमध्ये कोकम बऱ्याचदा भेटेल. अर्काच्या चाचणीत फसवणारं जे काही असतं, ते बहुतेक सगळं कोकमात एकत्र आहे: आंबटपणा, गडद लाल रंग, साखर आणि पाण्यात न विरघळणारं गार्सिनॉल.

१. अर्क म्हणजे नेमकं काय? काढा, रस आणि अर्क एकच का?

नाही. रस म्हणजे पिळून काढलेलं द्रव. काढा म्हणजे पाण्यात उकळून आटवलेला. प्रयोगशाळेत अर्क म्हणतात तो ठरावीक द्रावकाने पुडीतून ओढून काढलेला आणि द्रावक उडवून उरलेला भाग. द्रावक बदलला की अर्कातले पदार्थही बदलतात. कोकमाच्या सालीची पूड पाण्यात भिजवली तर हायड्रॉक्सीसिट्रिक आम्ल, साखर आणि लाल रंगाची अँथोसायनिन्स (सायनिडिन-३-ग्लुकोसाइड आणि सायनिडिन-३-सॅम्बुबायोसाइड) मिळतात. तीच पूड हेक्झेनमध्ये टाकली तर पिवळं गार्सिनॉल उतरतं आणि लाल रंग पुडीतच राहतो. म्हणून अहवालात नुसतं ‘कोकमाचा अर्क’ लिहून चालत नाही. कोणता भाग, कोणता द्रावक, किती तास आणि किती तापमान, हे सगळं द्यावं लागतं.

२. वनस्पती आम्हाला ओळखता येते. मग ओळखीचं प्रमाणपत्र कशाला हवं?

कारण बाजारातलं नाव आणि शास्त्रीय नाव यांची गाठ नेहमी पडतेच असं नाही. गुळवेलीचं उदाहरण घ्या. औषधात वापरतात ती टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया. टिनोस्पोरा क्रिस्पा ही तिची जवळची नातेवाईक दिसायला बरीच तशीच असते. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या रुग्णांमध्ये यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. तेव्हा आयुष मंत्रालयाने पहिला आक्षेप घेतला तो वनस्पतीच्या ओळखीवरच.

नमुना फुलांसह किंवा फळांसह घ्या. नुसत्या पानांवरून ओळख पटवायला तज्ज्ञही राजी नसतात. फांदी वर्तमानपत्रात दाबून सुकवा आणि जागा, तारीख, झाडाची उंची, फुलाचा रंग लिहून ठेवा. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आणि आघारकर संशोधन संस्था आहे, मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयातलं ब्लॅटर हर्बेरियम आहे. हे काम पूड करण्याआधी उरका. पूड झाल्यावर ओळख पटवणं फार कठीण होतं.

३. बाजारातली आमसुलं किंवा आगळ वापरलं तर चालेल?

जिवाणूरोधी चाचणीसाठी चालणार नाही. आमसुलं करताना साली कोकमाच्याच रसात पुन्हा पुन्हा बुडवून उन्हात सुकवतात आणि त्यात बहुधा मीठही असतं. आगळात तर मीठ भरपूर असतं. मिठामुळे अर्काचं वजन फुगतं, उतारा (पुडीच्या वजनातला किती टक्के अर्क मिळाला तो आकडा) खोटा वाढतो आणि तीव्र मीठ स्वतःच जिवाणूंची वाढ रोखतं. शिवाय कडक उन्हात अँथोसायनिन्स मोठ्या प्रमाणात नष्ट होतात.

एप्रिल-मे मध्ये कोकणातून ताजी फळं आणा. बिया आणि गर काढून टाका. सालीचे पातळ काप सावलीत किंवा ४० अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये कडकडीत होईपर्यंत सुकवा, पूड करा आणि ४० मेशच्या चाळणीतून चाळा. पूड हवाबंद, अंधाऱ्या बरणीत ठेवा. कोकमाची पूड ओल फार लवकर धरते आणि पावसाळ्यात दोन दिवसांत तिचा गोळा होतो, त्यामुळे बरणीत सिलिका जेलची पुडी हवीच.

४. द्रावक कोणता आणि किती घ्यायचा?

फिनॉलिक पदार्थ आणि फ्लॅव्होनॉइड्स हवे असतील तर ७० टक्के इथेनॉलने सुरुवात करा. शुद्ध इथेनॉलपेक्षा पाणी मिसळलेलं इथेनॉल पेशींत चांगलं शिरतं आणि साखर जोडलेली फ्लॅव्होनॉइड्सही ओढतं. मिथेनॉल ओढतो छान, पण तो विषारी आहे. अर्क पुढे खाण्यासाठी किंवा त्वचेवर वापरायचा विचार असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका.

नेहमीची पद्धत: २० ग्रॅम पूड, २०० मि.ली. द्रावक, झाकण लावलेला शंकुपात्र, शेकरवर किंवा अधूनमधून हलवत ४८ तास, खोलीच्या तापमानाला. मग मलमलीतून आणि नंतर व्हॉटमन क्रमांक १ मधून गाळा. उरलेल्या चोथ्यावर पुन्हा १०० मि.ली. द्रावक घालून २४ तास ठेवा आणि दोन्ही वेळा गाळून मिळालेलं द्रव एकत्र करा. आटवल्यावर २.६ ग्रॅम अर्क मिळाला तर उतारा १३ टक्के. हा आकडा सुरुवातीलाच लिहून ठेवा, प्रश्न ८ मध्ये लागणार आहे.

सॉक्सलेट (गरम द्रावक पुडीवरून पुन्हा पुन्हा फिरवणारं उपकरण) वेगवान आहे. पण त्यात अर्क तासन्‌तास द्रावकाच्या उकळबिंदूला उकळत राहतो. अँथोसायनिन्स आणि सुगंधी तेलांसाठी तो टाळा.

५. रोटरी इव्हॅपोरेटर नाही. अर्क कसा आटवायचा? आणि आमचा अर्क चिकटच राहतो, पूड होत नाही.

उथळ काचेच्या बशीत ४० ते ४५ अंशांच्या वॉटर बाथवर, फ्यूम हूडमध्ये, ज्वाला आसपास नसताना आटवा. वेळ जास्त लागला तरी चालेल. घाईत तापमान ७०वर नेलं की साखर जळायला लागते आणि फिनॉलिक पदार्थांचं ऑक्सिडीकरण होतं. अर्क तपकिरी पडणं ही त्याची खूण.

चिकटपणाचं कारण बहुतेक वेळा साखर आणि सेंद्रिय आम्लं असतं. कोकम, आवळा, चिंच यांचा पाण्यातला किंवा इथेनॉलचा अर्क वॉटर बाथवर कितीही ठेवला तरी पूड होत नाही. अशा वेळी पूड करण्याचा हट्ट सोडा. डेसिकेटरमध्ये ठेवून रोज वजन करा आणि सलग दोन वजनं सारखी आली की तो अर्क कोरडा माना. पाण्याचा अर्क असेल आणि फ्रीझ ड्रायर मिळत असेल तर उत्तमच. तयार अर्क गडद रंगाच्या कुपीत उणे २० अंशांना ठेवा.

६. लसणाचा मिथेनॉल अर्क जिवाणूंवर चालतच नाही. लसूण तर जंतुनाशक म्हणतात ना?

लसणाचं जिवाणूरोधी काम करणारं अ‍ॅलिसिन अखंड पाकळीत नसतंच. पाकळी ठेचली की अ‍ॅलिइन आणि अ‍ॅलिइनेज हे विकर एकत्र येतात आणि अ‍ॅलिसिन तयार होतं. अखंड पाकळ्या किंवा वाळलेली पूड थेट मिथेनॉलमध्ये टाकली तर विकर निकामी होतं आणि अ‍ॅलिसिन बनतच नाही. उकळल्यानेही तेच होतं. ताज्या पाकळ्या थोड्या पाण्यात ठेचा, खोलीच्या तापमानाला १० मिनिटं तशाच राहू द्या, मग गाळा. चाचणी त्याच दिवशी करा, कारण अ‍ॅलिसिन टिकत नाही.

द्रावकापेक्षा पूर्वतयारी महत्त्वाची ठरते ती अशी. ‘या वनस्पतीत गुण नाही’ असं लिहिण्याआधी त्यातला सक्रिय पदार्थ कसा बनतो हे पाहा.

७. प्राथमिक रासायनिक चाचण्यांवर कितपत विसंबायचं?

दिशा कळण्यापुरतं. मेयर अभिकर्मकाने मलईसारखा आणि ड्रॅगनडॉर्फने नारिंगी साका आला की अल्कलॉइड असण्याची शक्यता. फेरिक क्लोराइडने निळा-काळा रंग आला तर गॅलिक प्रकारचं टॅनिन, हिरवट आला तर बहुधा कॅटेचिन प्रकारचं. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात गोळा होणाऱ्या बाळहिरड्याच्या अर्कावर हा निळा-काळा रंग इतका दाट येतो की, अर्क दहापट पातळ केल्याशिवाय छटा कळत नाही. मॅग्नेशियम आणि तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाने गुलाबी-लाल रंग ही फ्लॅव्होनॉइडची शिनोडा चाचणी.

आता फसवे निकाल. मेयरने प्रथिनांचाही साका येतो, म्हणून अल्कलॉइडसाठी किमान दोन अभिकर्मकांचा निकाल जुळायला हवा. परीक्षानळी साबणाने धुऊन नीट विसळली नसेल तर सॅपोनिनची फेस चाचणी हमखास ‘होकारार्थी’ येते. कोकमात शिनोडा चाचणी निरर्थक आहे, कारण अँथोसायनिन आम्लात आधीच लाल असतं. मॅग्नेशियम न घालता नुसतं आम्ल घातलेली नळी शेजारी ठेवा. दोन्ही नळ्या सारख्याच लाल दिसल्या तर त्या निकालाला अर्थ नाही. अहवालात ‘+++’ असं लिहून प्रमाण सुचवायची रीत आहे, पण डोळ्यांनी पाहिलेल्या रंगावरून प्रमाण ठरत नाही. प्रमाण हवं असेल तर पुढचा प्रश्न पाहा.

८. एकूण फिनॉलिक प्रमाण कसं काढायचं? आकडे प्रत्येक वेळी वेगळे का येतात?

फोलिन-सिओकाल्तो पद्धत वापरा: ०.५ मि.ली. नमुना, १:१० पातळ केलेला अभिकर्मक २.५ मि.ली., पाच मिनिटांनी ७.५ टक्के सोडियम कार्बोनेट २ मि.ली., अंधारात ३० मिनिटं, ७६५ नॅनोमीटरला रीडिंग. गॅलिक आम्लाची मानक रेषा २० ते १०० मायक्रोग्रॅम प्रति मि.ली. या पट्ट्यात घ्या. नमुन्याचं रीडिंग रेषेच्या बाहेर गेलं तर रेषा पुढे ओढू नका, नमुना पातळ करा.

समजा १ मि.ग्रॅ. प्रति मि.ली. अर्काचं रीडिंग रेषेवर ८५ मायक्रोग्रॅमला बसलं. म्हणजे १ ग्रॅम अर्कात ८५ मि.ग्रॅ. गॅलिक आम्लाइतकं. उतारा १३ टक्के असेल तर १ ग्रॅम कोरड्या पुडीत सुमारे ११ मि.ग्रॅ. शोधनिबंधांमध्ये कोणी पहिला आकडा देतं तर कोणी दुसरा. तुमचा आकडा ‘आठपट जास्त’ दिसण्यामागे बहुतेक वेळा हेच कारण असतं.

हा अभिकर्मक फक्त फिनॉल ओळखत नाही. जीवनसत्त्व क, काही प्रथिनं, क्षपणकारक साखर यांनाही तो प्रतिसाद देतो. आवळ्याचा आकडा त्यामुळे फुगतो. अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडने ४१५ नॅनोमीटरला मोजलेल्या एकूण फ्लॅव्होनॉइडच्या बाबतीत दोष उलटा आहे. ती पद्धत क्वेर्सेटिनसारखे फ्लॅव्होनॉल पकडते आणि चहातली कॅटेचिन्स जवळजवळ सोडून देते.

९. डीपीपीएच चाचणी नीट कशी लावायची?

ब्लॉइस यांनी १९५८ मध्ये मांडलेली ही पद्धत आजही सगळ्यात जास्त वापरली जाते. डीपीपीएचचं द्रावण गडद जांभळं असतं. अँटिऑक्सिडंटने त्याला हायड्रोजन किंवा इलेक्ट्रॉन दिला की ते पिवळं पडतं.

०.१ मिलिमोलर द्रावणासाठी ३.९४ मि.ग्रॅ. डीपीपीएच १०० मि.ली. मिथेनॉलमध्ये विरघळवा. इतकं लहान वजन चार दशांश स्थळांच्या तराजूवर भरवशाचं येत नाही. त्याऐवजी ३९.४ मि.ग्रॅ. १०० मि.ली.मध्ये विरघळवून मग दहापट पातळ करा. बाटलीला फॉइल गुंडाळा आणि द्रावण त्याच दिवशी वापरा. ३ मि.ली. डीपीपीएच आणि १ मि.ली. नमुना एकत्र करून ३० मिनिटं अंधारात ठेवा आणि ५१७ नॅनोमीटरला वाचा. नमुन्याऐवजी मिथेनॉल घातलेल्या नियंत्रण नळीचं रीडिंग ०.८ ते ०.९च्या आसपास यायला हवं. ०.५ आलं तर डीपीपीएच जुनं आहे किंवा पूर्ण विरघळलेलं नाही.

नियंत्रणातून नमुन्याचं रीडिंग वजा करा, नियंत्रणाने भागा, १००ने गुणा. किमान पाच तीव्रता घ्या आणि त्यांतल्या काहींचे निकाल ५० टक्क्यांच्या खाली, काहींचे वर येऊ द्या. सगळ्या तीव्रता ८० टक्क्यांच्या वर असतील तर त्यावरून काढलेला आयसी-५० (निम्मं डीपीपीएच विझवणारी तीव्रता) हा अंदाजच राहतो.

पाण्याचा अर्क वापरताना मिश्रणात पाणी निम्म्याच्या वर गेलं तर डीपीपीएच बाहेर पडतं आणि नळी गढूळ होते. मग रीडिंग वाढतं आणि टक्केवारी उणे येते. ‘अर्क प्रो-ऑक्सिडंट (ऑक्सिडीकरण वाढवणारा) आहे’ असा निष्कर्ष काढण्याआधी नळी उजेडात धरून पाहा.

१०. कोकम, जांभूळ, बीट यांचा अर्क मुळातच लाल आहे. ५१७ नॅनोमीटरच्या रीडिंगचं काय?

इथे बहुतेकांचं चुकतं. आम्लातल्या सायनिडिनचं सर्वाधिक शोषण ५१० ते ५३० नॅनोमीटरच्या दरम्यान असतं, म्हणजे डीपीपीएच जिथे वाचतो तिथेच. अर्काचा स्वतःचा रंग रीडिंगमध्ये मिळतो आणि अर्क आहे त्यापेक्षा कमजोर दिसतो. तीव्रता वाढवली की टक्केवारी वाढायच्या ऐवजी घसरायला लागली, तर रंगावर संशय घ्या.

प्रत्येक तीव्रतेसाठी एक वेगळी रंग-नळी लावा: १ मि.ली. नमुना आणि ३ मि.ली. नुसतं मिथेनॉल. तिचं रीडिंग नमुन्याच्या रीडिंगमधून वजा करा आणि मगच प्रश्न ९ मधलं सूत्र वापरा. सगळ्या तीव्रतांना एकच रंग-नळी चालत नाही. रंग फारच गडद असेल तर ७३४ नॅनोमीटरला वाचली जाणारी एबीटीएस चाचणी घ्या. तिथे लाल रंगाची लुडबुड होत नाही. त्यासाठी ७ मिलिमोलर एबीटीएस आणि २.४५ मिलिमोलर पोटॅशियम पर्सल्फेट १२ ते १६ तास अंधारात एकत्र ठेवून, वापरताना रीडिंग ०.७० येईपर्यंत पातळ करा.

११. आमच्या अर्काचा आयसी-५० एस्कॉर्बिक आम्लापेक्षाही कमी आला. हे खरं मानायचं?

आधी हिशेब तपासा. एस्कॉर्बिक आम्लाचा एक रेणू डीपीपीएचचे साधारण दोन रेणू विझवतो. प्रश्न ९ मधल्या प्रमाणात नळीतली डीपीपीएचची तीव्रता ०.०७५ मिलिमोलर होते, म्हणजे निम्मं विझवायला एस्कॉर्बिक आम्ल नळीत सुमारे ३.३ मायक्रोग्रॅम प्रति मि.ली. लागेल. तुमचा आकडा ४० आला असेल तर एस्कॉर्बिक आम्लाचं द्रावण शिळं झालेलं आहे. ते दर वेळी ताजं करावं लागतं. आकडा १३ आला असेल तर तुम्ही नळीतली तीव्रता न घेता मूळ द्रावणातली घेतली आहे. १ मि.ली. नमुना ४ मि.ली.मध्ये गेला की तीव्रता चौथाई होते.

शुद्ध गॅलिक आम्ल एस्कॉर्बिक आम्लाला मागे टाकू शकतं, कारण त्याचा एक रेणू जास्त डीपीपीएच विझवतो. पण साखर, क्षार, हरितद्रव्य यांनी भरलेल्या कच्च्या अर्काचा आयसी-५० ०.२ मायक्रोग्रॅम आला तर तो दशांशचिन्हाचा घोळ समजा.

१२. एकच अँटिऑक्सिडंट चाचणी पुरेशी आहे का?

नाही. वेगळ्या तत्त्वावरची आणखी एक तरी घ्या. फ्रॅप ही बेन्झी आणि स्ट्रेन यांची १९९६ची पद्धत सोपी आहे. ती ३.६ पीएचला लोहाचं क्षपण मोजते आणि ५९३ नॅनोमीटरला वाचली जाते.

१३. वेल डिफ्यूजन प्लेटवर झोन दर वेळी वेगळा येतो. कशामुळे?

या चाचणीत जिवाणू पसरलेल्या आगरमध्ये वेल (गोल भोक) पाडून त्यात अर्क घालतात आणि भोवती वाढ न झालेलं वर्तुळ, म्हणजे झोन, मोजतात. तीन गोष्टी पाहा: आगरची जाडी, जिवाणूंची संख्या आणि वेलमध्ये घातलेलं वस्तुमान.

म्युलर-हिंटन आगर ३८ ग्रॅम प्रति लिटर घ्या आणि ९० मि.मी.च्या प्लेटमध्ये मोजून २५ मि.ली. ओता, म्हणजे जाडी ४ मि.मी. येते. अंदाजाने ओतलेल्या दोन प्लेटांमध्ये झोन सहज दोन-तीन मि.मी.ने बदलतो. टेबल तिरकं असेल तर एकाच प्लेटच्या दोन बाजूंनाही फरक पडतो.

जिवाणूंचं निलंबन ०.५ मॅकफारलंडला (गढूळपणाच्या मानकाला) जुळवा, म्हणजे सुमारे १.५ × १०⁸ प्रति मि.ली. मानक घरीच करता येतं: १.१७५ टक्के बेरियम क्लोराइड ०.०५ मि.ली. आणि १ टक्का सल्फ्युरिक आम्ल ९.९५ मि.ली. निलंबन १५ मिनिटांच्या आत स्वॅबने तीन दिशांनी पसरवा. ६ मि.मी.च्या कॉर्क बोअररने वेल पाडा, आगरचा तुकडा सुईने अलगद उचला. ओढून काढला तर तळाशी फट पडते, अर्क आगरखाली पसरतो आणि झोन वाकडातिकडा येतो.

प्रत्येक वेलमध्ये ५० मायक्रोलिटर घाला आणि प्लेट सरळ ठेवून अर्धा तास मुरू द्या. मग ३७ अंशांना १८ ते २४ तास. एका वेलमध्ये नुसता द्रावक हवाच. अर्क विरघळवायला वापरतात ते निव्वळ डीएमएसओ स्वतः छोटा झोन देऊ शकतं. झोनमध्ये वेलचा व्यास धरला आहे की नाही हेही लिहा. ६ मि.मी.च्या वेलभोवतीचा ‘८ मि.मी. झोन’ म्हणजे दोन्ही बाजूंना जेमतेम एकेक मि.मी.

अर्क ऑटोक्लेव्ह करू नका. निर्जंतुक करायचा तर ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून. डीएमएसओ सेल्युलोज नायट्रेट विरघळवतो आणि नायलॉन टॅनिनला धरून ठेवतो. पीटीएफईची गाळणी घ्या.

१४. आमच्या अर्काचा झोन जेंटामायसिनइतका आला. अर्क प्रतिजैविकाच्या तोडीचा म्हणायचा का?

नाही. १०० मि.ग्रॅ. प्रति मि.ली. अर्काचे ५० मायक्रोलिटर म्हणजे वेलमध्ये ५ मि.ग्रॅ. अर्क. जेंटामायसिनच्या डिस्कमध्ये असतात १० मायक्रोग्रॅम. तुम्ही ५०० पट जास्त वस्तुमान घातलं आहे. त्यात झोनचा आकार रेणू आगरमधून किती पसरतो यावरही अवलंबून असतो. मोठं टॅनिन किंवा तेलकट गार्सिनॉल आगरमध्ये जागच्या जागी अडकतं, आणि अर्क प्रभावी असूनही झोन लहान येतो. दोन वेगळ्या पदार्थांची तुलना झोनवरून होत नाही. त्यासाठी एमआयसी, म्हणजे वाढ रोखणारी सगळ्यात कमी तीव्रता, लागते (प्रश्न १७).

जेंटामायसिन प्लेटवर ठेवायचं ते प्लेट नीट लागली आहे का हे पाहण्यासाठी. ई. कोलाय एटीसीसी २५९२२ वर १० मायक्रोग्रॅमच्या डिस्कचा झोन १९ ते २६ मि.मी.मध्ये यायला हवा. त्याबाहेर गेला तर त्या दिवशीच्या सगळ्या प्लेटा बाद.

१५. कोकम, आवळा, लिंबू यांचे झोन मोठे येतात. तो गुण फिनॉलिक पदार्थांचा की आंबटपणाचा?

पीएच न मोजता सांगता येत नाही. कोकमाच्या पाण्यातल्या तीव्र अर्काचा पीएच २च्या आसपास असू शकतो आणि बहुतेक रोगकारक जिवाणूंना तो सोसत नाही.

एकाच प्लेटवर चार वेल लावा: मूळ अर्क, सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच ७ला आणलेला अर्क, मूळ अर्काच्याच पीएचचं सायट्रिक आम्लाचं द्रावण आणि निर्जंतुक पाणी. उदासीन केलेल्या अर्काचा झोन नाहीसा झाला आणि सायट्रिक आम्लाचा झोन मूळ अर्काएवढाच आला, तर काम आम्लाचं होतं. पीएच ७ला अँथोसायनिनचा लाल रंग जातो आणि ते खराबही होऊ लागतं. म्हणून उदासीन अर्क लगेच वापरा आणि नुसत्या त्या वेलवर निष्कर्ष काढू नका, चारही एकत्र पाहा. आम्लाने जिवाणू रोखले जाणं हाही खरा परिणाम आहे, लोणची त्याच्यावरच टिकतात. पण त्याचं श्रेय गार्सिनॉलला देणं चुकीचं.

१६. स्टॅफिलोकोकसवर झोन येतो, ई. कोलायवर काहीच नाही. काय चुकलं?

बहुधा काहीच चुकलेलं नाही. ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंना लिपोपॉलिसॅकराइडचं बाहेरचं आवरण असतं आणि आत शिरलेले रेणू बाहेर फेकणारे पंपही असतात. वनस्पतींचे बरेचसे फिनॉलिक पदार्थ तिथेच अडतात. हा निकाल आहे तसाच लिहा. सगळ्याच जिवाणूंवर एकसारखे मोठे झोन आले तर मात्र द्रावकाचा वेल आणि पीएच पुन्हा पाहा.

१७. एमआयसी काढताना रेझाझुरिन सगळ्याच वेलमध्ये गुलाबी झालं. म्हणजे अर्क चालला नाही?

तसं नसेलही. रेझाझुरिन निळं असतं. जिवंत जिवाणू त्याचं क्षपण करतात आणि ते गुलाबी होतं. पण चांगला अँटिऑक्सिडंट अर्क म्हणजेच चांगला क्षपणकारक, आणि तो जिवाणू नसतानाही हे करू शकतो. एमटीटी आणि टीटीसी या अशाच रंगद्रव्यांच्या बाबतीतही हाच धोका असतो. दर तीव्रतेला एक वेल जिवाणूंशिवाय लावा: अर्क, ब्रॉथ आणि रेझाझुरिन. तो गुलाबी झाला तर रंगावर विसंबू नका. प्रत्येक वेलमधून १० मायक्रोलिटर आगरवर टाकून वाढ पाहा.

मूळ पद्धत: ९६ वेलच्या प्लेटमध्ये म्युलर-हिंटन ब्रॉथ, अर्काची दुप्पट-दुप्पट पातळ मालिका, ०.५ मॅकफारलंड निलंबन १५० पट पातळ करून समान आकारमानात घाला, म्हणजे वेलमध्ये ५ × १०⁵ प्रति मि.ली. होतात. डीएमएसओचं शेवटचं प्रमाण १-२ टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका. १८ ते २४ तासांनी ०.०१५ टक्के रेझाझुरिन ३० मायक्रोलिटर घाला आणि दोन ते चार तासांनी वाचा.

कच्च्या अर्काची एमआयसी १०० मायक्रोग्रॅम प्रति मि.ली.च्या खाली आली तर पुढे शुद्धीकरण करण्याजोगं काहीतरी आहे. १० मि.ग्रॅ.ला वाढ थांबत असेल तर तसं लिहा, पण ‘प्रभावी’ हा शब्द वापरू नका.

आणखी एक अडचण: गॅलिक आम्ल आणि हिरव्या चहातली कॅटेचिन्स ब्रॉथमध्ये ऑक्सिजनशी अभिक्रिया करून हायड्रोजन पेरॉक्साइड बनवतात आणि जिवाणू त्यानेच मरतात. कॅटलेज (पेरॉक्साइड तोडणारं विकर) घालून चाचणी पुन्हा करा. परिणाम नाहीसा झाला तर मारक होतं ते पेरॉक्साइड.

१८. जिवाणू कुठून आणायचे? नाल्याच्या पाण्यातून वेगळे केलेले चालतील?

तुलनेसाठी नाही. ते नेमके कोणते आहेत हे दुसऱ्या कोणाला कळणार नाही. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतला एनसीआयएम संग्रह आणि राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राशी जोडलेलं एनसीएमआर आहे, चंडीगडला एमटीसीसी. स्टॅफिलोकोकस ऑरियस हाताळायला जैवसुरक्षा स्तर २ची सोय लागते. घरच्या स्वयंपाकघरात हे काम अजिबात करू नका. वापरलेल्या प्लेटा फेकण्याआधी १२१ अंशांना ऑटोक्लेव्ह करा.

१९. जीसी-एमएसमध्ये चाळीसेक संयुगं दिसली. सगळी वनस्पतीतली का?

नाही. डायइथिलहेक्झिल थॅलेट दिसलं तर ते प्लॅस्टिकच्या नळ्या-झाकणांतून आलेलं असण्याची शक्यता जास्त. सायलोक्झेन स्तंभातून सुटतं. हायड्रॉक्सीमिथाइलफरफ्युरल बहुधा साखर तापून बनलेलं असतं, गोड-आंबट फळांच्या अर्कात ते हमखास दिसतं. अर्काशिवाय नुसता द्रावक त्याच सगळ्या पायऱ्यांतून नेऊन त्याचा आलेख शेजारी ठेवा. दोन्हीकडे सापडलेली नावं यादीतून काढा.

जीसी-एमएस फक्त उडू शकणारे रेणू पाहतं. टॅनिन, अँथोसायनिन, साखर जोडलेली फ्लॅव्होनॉइड्स त्यात दिसतच नाहीत. तुळशीतलं युजेनॉल जीसीवर पाहा, रोझमेरिनिक आम्ल एचपीएलसीवर (न उडणारे रेणू द्रावणात वेगळे करणारी पद्धत).

२०. अँटिऑक्सिडंट आकडा मोठा असलेलं खाल्लं की तब्येतीला फायदा होतो ना? आमसुलाच्या साराने पोटातले जंतू मरतात का?

नळीतल्या आकड्यावरून हे ठरत नाही. पोटात गेलेले फिनॉलिक पदार्थ थोडेच शोषले जातात आणि यकृतात त्यांचं रूप बदलतं. अमेरिकेच्या कृषी विभागाने खाद्यपदार्थांच्या ओरॅक (नळीत मोजलेल्या अँटिऑक्सिडंट क्षमतेच्या) आकड्यांचा आपला तक्ता २०१२ मध्ये याच कारणाने मागे घेतला. हळदीतल्या कर्क्युमिनबाबत आणखी अडचण आहे. ते पाण्यात विरघळत नाही, रक्तात फारच कमी पोहोचतं आणि अनेक चाचण्यांमध्ये स्वतःच्या रंगाने आणि अभिक्रियाशीलतेने खोटे होकार देतं.

सार जेवणात घ्या, उन्हाळ्यात ते छानच लागतं. जुलाब-ताप असेल तर डॉक्टरकडे जा. प्रयोगशाळेतला अर्क कोणाच्याही जखमेवर लावू नका आणि पिऊ नका.

२१. शेतात फवारतात तो ५ टक्के निंबोळी अर्क जिवाणूरोधी चाचणीला वापरता येईल?

त्याचं काम वेगळं आहे. ५ किलो निंबोळीची पूड रात्रभर १० लिटर पाण्यात भिजवून, गाळून १०० लिटर केलेला तो अर्क प्रामुख्याने अ‍ॅझाडिरॅक्टिनमुळे किडींची भूक आणि वाढ रोखतो. उन्हात अ‍ॅझाडिरॅक्टिन लवकर विघटित होतं, म्हणून फवारणी संध्याकाळी. त्यात साबणचुराही असतो आणि साबण जिवाणूंवर स्वतःच परिणाम करतो. चाचणीसाठी पानांचा किंवा बियांचा वेगळा अर्क करा.

२२. एकाच अर्काचे तीन-तीन वेल लावले. सांख्यिकीला पुरेसं आहे?

त्यातून तुमचा हात किती स्थिर आहे एवढंच कळतं. वेगवेगळ्या झाडांच्या पुडीपासून तीन स्वतंत्र अर्क करा आणि प्रत्येकाची चाचणी वेगळ्या दिवशी घ्या. पानं कोणत्या महिन्यात तोडली तेही लिहा, कारण घटक ऋतूनुसार बदलतात.

२३. आमच्या अर्काचं पेटंट मिळेल का?

‘हळदीचा अर्क जिवाणूंना रोखतो’ एवढ्यावर नाही. भारतीय पेटंट कायद्याचं कलम ३(पी) पारंपरिक ज्ञान किंवा ज्ञात गुणांची पुनरावृत्ती पेटंटबाहेर ठेवतं. हळदीने जखम भरण्याचं १९९५ मध्ये दिलेलं अमेरिकी पेटंट सीएसआयआरने आव्हान दिल्यावर १९९७ मध्ये रद्द झालं, ते जुने लिखित पुरावे दाखवूनच. नवा शुद्ध रेणू, नवी प्रक्रिया किंवा अनपेक्षित परिणाम देणारं ठरावीक प्रमाणाचं मिश्रण असेल तर विचार होऊ शकतो. भारतीय जैविक संसाधन वापरलेलं असल्याने चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची प्रक्रियाही पूर्ण करावी लागते. शोधनिबंध किंवा पोस्टर आधी प्रसिद्ध केलं तर नावीन्य जातं, म्हणून अर्ज आधी दाखल करा. नमुना परदेशातल्या प्रयोगशाळेला पाठवायचा असेल तर पाठवण्याआधी याच प्राधिकरणाच्या परवानगीची चौकशी करा.